पुळण किती गेली, ते गावानेच मोजावं

पावसाळा लागला की किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीत एकच बोलणं चालतं, यंदा समुद्र आणखी आत आला, पुळण म्हणजे किनाऱ्यावरची वाळूची पट्टी आणखी गेली. माडांची मुळं उघडी पडतात, गडगा ढासळतो, पाखाडीच्या खालच्या पायऱ्या वाळूसकट जातात. पण किती आत आला असं विचारलं की कोणी दहा हात म्हणतं, कोणी दोन माड. सरकारी टिपणीत ‘दोन माड’ चालत नाही. गावाकडे आकडा नसला की कार्यालयात बसलेला माणूस आपल्या अंदाजाचा आकडा घालतो आणि त्यावर कोट्यवधींचा बंधारा ठरतो, किंवा नाकारला जातो. हा आकडा गावाला स्वतः काढता येतो. त्यासाठी दोन काठ्या, एक पट्टी, एक वही आणि तीन माणसं लागतात.

मोजायला जाण्याआधी घाबरवणारे आकडे नीट समजून घ्यावेत, कारण पुढे तेच कामाला येतात. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या सात दशकांत हा वेग वर्षाला साधारण १.३ मिलिमीटर होता, २००६ ते २०१८ मध्ये तो ३.७ मिलिमीटर झाला. म्हणजे जवळजवळ तिप्पट. १९७१ पासूनच्या वाढीत निम्मा वाटा पाणी तापून फुगण्याचा आहे, बाकीचा मुख्यतः वितळणाऱ्या बर्फाचा. हे पाणी एवढ्यात थंड होणार नाही, त्यामुळे उत्सर्जन उद्या थांबलं तरी पातळी पुढची कित्येक शतकं चढत राहणार. शतकाअखेर ही वाढ, १९९५ ते २०१४ च्या सरासरीपेक्षा, उत्सर्जन फार कमी ठेवलं तर २८ ते ५५ सेंटिमीटर आणि फार वाढलं तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर होईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

वाळूच्या किनाऱ्यावर ही उभी वाढ आडवी होऊन येते. ढोबळ नियम असा की पातळी जेवढी चढते त्याच्या ५० ते १०० पट किनारा मागे सरतो. वर्षाला ३.७ मिलिमीटर म्हणजे दहा वर्षांत ३.७ सेंटिमीटर, त्याच्या ५० ते १०० पट म्हणजे साधारण दोन ते चार मीटर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तुमच्या गावची पुळण दहा वर्षांत तीन मीटर गेली असेल तर वाढत्या समुद्राकडे बोट दाखवता येतं. वीस मीटर गेली असेल तर कारण जवळपास कुठेतरी आहे. शेजारची जेट्टी, खाडीतला रेतीउपसा, नदीवरचं धरण किंवा पलीकडच्या वाडीसमोरचा बंधारा तपासावा लागेल. हवामान बदल खराच आहे आणि भयंकर आहे, म्हणूनच त्याच्या नावावर दुसऱ्याची चूक खपू देऊ नये.

आता साधनं. एक इंची पीव्हीसी पाइपाचे दीड-दीड मीटरचे दोन तुकडे घ्या. दोन्हीची लांबी मिलिमीटरपर्यंत सारखी हवी, शेजारी उभे धरून तपासा. खुणा वरच्या टोकापासून खाली करायच्या. टोकाला शून्य, मग दर सेंटिमीटरला बारीक रेघ आणि दर दहाला जाड. खालच्या टोकाला चार इंचांची चपटी फळी किंवा पाइपाचं झाकण बसवा, नाहीतर ओल्या वाळूत काठी रुतते आणि आकडा बिघडतो. दोन काठ्यांमधलं अंतर धरायला बरोबर दोन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या. दोरी नको, ती भिजली की लांबी बदलते.

मोजणीचं सगळं बळ खुणेत आहे. न हलणारी, न बदलणारी जागा हवी. देवळाचा चौथरा, जुन्या विहिरीचा कठडा, जांभ्या दगडाच्या पक्क्या घराचं जोतं चालेल. माड चालणार नाही, तो पडतो. विजेचा खांब चालणार नाही, तो हलवतात. समुद्राकडचा बंधारा तर अजिबात नको, कारण तो स्वतःच खचत असतो. खूण पुळणीच्या कडेपासून निदान ३० ते ५० मीटर आत असावी, आणि तिच्या मागे आणखी एक राखीव खूण ठरवून दोन्हींच्या उंचीतला फरक नोंदून ठेवावा. पुढची खूण एखाद्या उधाणात गेली तरी जुनी मोजमापं फुकट जात नाहीत. खुणेवर ऑइलपेंटने आडवी रेघ मारा. दर वेळी त्या रेघेपासून पायथ्याच्या जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. हे बहुतेकजण विसरतात, आणि मग पायथ्याशी वाऱ्याने साठलेली वाळू पूर्ण रेषेची उंची बदलून टाकते.

खुणेपासून समुद्राकडे सरळ रेषेत जायचं असतं आणि दर वेळी तीच रेषा पकडायची असते. मच्छीमार समुद्रातली जागा ओळखायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकमेकींवर आणतात, तीच रीत इथे उलटी वापरा. खुणेच्या मागे दूरवर दिसणारं दुसरं काहीतरी निवडा, म्हणजे देवळाचा कळस, पाण्याची टाकी. पुळणीवरून मागे वळून पाहताना दोन्ही एका ओळीत दिसली की तुम्ही रेषेवर आहात. होकायंत्राचा कोनही लिहून ठेवा. एक किलोमीटरच्या पुळणीला चार-पाच रेषा पुरतात, पण त्यातली एक खाडीच्या मुखाजवळ आणि बंधारा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांच्या पलीकडे एकेक हवीच.

मोजायची वेळ उधाणाच्या दिवसांतल्या पूर्ण ओहोटीची. तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ येते, हा हिशेब किनाऱ्यावर घरोघरी ठाऊक असतो. प्रतिपदेला भरती पाऊण वाजता, म्हणून सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, पावणेसातच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत सकाळी साडेसहा-सातला पुळण सगळ्यात जास्त उघडी पडते. उजेड असतो, सूर्य पाठीशी असतो आणि क्षितिजाची रेघ स्पष्ट दिसते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी सुरुवात करा आणि पाण्याच्या मागोमाग खाली उतरा.

एक काठी खुणेपाशी उभी, दुसरी समुद्राकडे दोन मीटरवर. दोन्ही ओळंब्यात हव्यात. मागच्या काठीपाशी उभा असलेला माणूस गुडघे वाकवून डोळा असा आणतो की पुढच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेघेवर बरोबर टेकलेलं दिसावं. त्या वेळी त्याची नजर मागच्या काठीला जिथे छेदते तो आकडा म्हणजे दोन मीटरमधला उतार. नजर १२ सेंटिमीटरच्या खुणेवर असेल तर जमीन १२ सेंटिमीटर उतरली, वहीत उणे १२. कधी पुढची जमीन चढती असते, वाळूचा वरंबा आलेला असतो. तेव्हा मागच्या काठीच्या टोकावरून क्षितिज पाहायचं आणि आकडा पुढच्या काठीवर वाचायचा. तो अधिक. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी येते, पुढची आणखी दोन मीटर सरकते. जुन्या जागेवर पाऊल पडून खड्डा होऊ देऊ नका.

वहीत ओळी अशा दिसतील:

रेषा ३. खूण विहिरीचा कठडा. रेघ ते जमीन ६२.
० ते २ मीटर: उणे ८. एकूण उणे ८.
२ ते ४ मीटर: उणे १२. एकूण उणे २०.
४ ते ६ मीटर: अधिक ३. एकूण उणे १७.

अधिक-उणे ही खूण मोठ्याने बोलून लिहावी. सगळ्यात जास्त चुका आकड्यात होत नाहीत, या खुणेत होतात, आणि एक खूण उलटली की तिथून खाली सगळी रेषा दुप्पट फरकाने सरकते. मर्यादवेल, म्हणजे भरतीच्या वर वाळूवर पसरणारी वेल, जिथे संपते ते अंतर, उभा कापलेला वाळूचा काठ असेल तर त्याची जागा आणि उंची, आणि काल रात्रीच्या भरतीने सोडलेली कचऱ्याची ओळ, या तीन गोष्टीही त्याच पानावर टिपा.

क्षितिज खऱ्या आडव्या पातळीपेक्षा किंचित खाली असतं, त्यामुळे दर दोन मीटरला साधारण दोन मिलिमीटर उतार कमी दिसतो. ही चूक दर वेळी सारखीच येते, म्हणून तुलनेला बाधत नाही. धुरकट हवेत मात्र मोजू नका, क्षितिज समजून ढगाची कड धरली जाते. खाडीच्या आत किंवा समोर डोंगराचं टोक आडवं येतं तिथे क्षितिज मिळतच नाही. तिथे गवंड्याचा पाण्याचा लेव्हल पाइप वापरा आणि त्यात बुडबुडा राहिलेला नाही हे आधी पाहा.

तिसरा माणूस आकडे लिहितो आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. काठी धरणाऱ्या दोघांची नजर काठीवर असते, लाट त्यांना दिसत नाही. गुडघाभर पाण्यापलीकडे जायची गरज नाही. जून ते ऑगस्टमध्ये मोजणीचा हट्ट धरू नका.

वर्षातून तीन वेळा पुरे. पाऊस पडण्याआधी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पावसानंतर ऑक्टोबरमध्ये आणि एकदा जानेवारी-फेब्रुवारीत. तुलना मात्र मेची मेशी आणि ऑक्टोबरची ऑक्टोबरशीच. पावसाळी लाटा वरची वाळू ओढून पाण्याखाली आडवी टाकतात आणि शांत समुद्र हिवाळा-उन्हाळ्यात ती परत आणून देतो. हा दरवर्षीचा श्वास आहे. जुलैचा फोटो मेच्या फोटोशेजारी ठेवून ‘किनारा गेला’ म्हटलं, तर समोरचा अभियंता फेब्रुवारीचा फोटो दाखवून तुमचं म्हणणं दोन मिनिटांत खोडतो. राजकारणातही हेच घडत आलं आहे. पाहणी दौरे जुलैत होतात, घोषणा जुलैत होतात, आणि डिसेंबरात पुळण भरून आली की विषय मागे पडतो. मे ते मे वाळू परत आली नाही, हा एकच आकडा त्या वेळी गावाच्या बाजूने उभा राहतो.

उपग्रहाची जुनी चित्रं पाहायची असतील तर संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये मागच्या तारखांची मिळतात. त्यात पाण्याची कड कधीही धरू नका. उतार ३० ला १ असेल आणि दोन चित्रांच्या वेळी भरतीत दीड मीटरचा फरक असेल, तर काहीही झिजलेलं नसताना कड ४५ मीटर सरकलेली दिसते. मर्यादवेलीची किंवा सुरूच्या झाडांची कड धरा. ती भरतीबरोबर हलत नाही.

मोजून आलेला फरक ब्रासमध्ये काढा. तहसिलात वाळूचं माप हेच आहे आणि ते लगेच कळतं. समजा एका रेषेवर वीस जागी गेल्या मेपेक्षा जमीन खाली गेली आणि त्या वीस फरकांची बेरीज ६ मीटर आली. दोन मीटरच्या टप्प्यामुळे ६ गुणिले २, म्हणजे किनाऱ्याच्या दर मीटर लांबीमागे १२ घनमीटर वाळू गेली. शंभर मीटरच्या वाडीसमोर १,२०० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणून ही वाळू सुमारे ४२४ ब्रास झाली. शेजारच्या दोन्ही रेषांवर घट साधारण तेवढीच असेल तरच असा गुणाकार करा, नाहीतर फक्त त्या रेषेचा आकडा द्या.

कारण ओळखायला सगळ्या रेषा एकत्र ठेवाव्या लागतात. जेट्टीच्या एका बाजूला वाळू साठते आणि दुसऱ्या बाजूला कापली जाते तेव्हा दोन रेषा एकमेकींच्या उलट जातात. रेतीउपशाने खाडीमुखाजवळची रेषा आधी खचते. बंधाऱ्याची खूण वेगळीच. दगडावर आपटलेली लाट मागे फिरताना पायथ्याची वाळू खणून नेते, म्हणून बंधाऱ्यासमोरची पुळण वर्षागणिक खोल होते. आणि बंधारा जिथे संपतो तिथून पलीकडची वाडी अर्ध्या चंद्रासारखी आत खाल्ली जाते, मग तीही बंधारा मागते. देवबागसारख्या गावात, जिथे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूचा चिंचोळा पट्टा आहे, तिथे एका टोकाला केलेलं काम दुसऱ्या टोकाला जाणवल्याशिवाय राहत नाही.

जिथे धूप प्रतिबंधक बंधारा आधीच आहे तिथे त्याचीही नोंद ठेवा. ठरावीक दहा दगडांवर रंगाने आकडे घाला आणि दर मेमध्ये त्यांचे फोटो काढा. कोणता खाली गेला, कोणता दिसेनासा झाला, ते कळतं. बंधाऱ्याच्या माथ्याची उंची लेव्हल पाइपने आतल्या खुणेशी जोडून पाहा. मागच्या बाजूला जमिनीत खळगे पडत असतील तर दगडांखालचं गाळणीचं कापड फाटलं आहे किंवा घातलेलंच नाही, आणि मागची माती फटींतून समुद्रात जाते आहे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करा. राज्याच्या नियमाप्रमाणे विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘बंधारा का खचला’ असं विचारू नका, मताला उत्तर देणं बंधनकारक नसतं. त्या कामाचं अंदाजपत्रक, संकल्पचित्र, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि दोषदायित्व कालावधीची, म्हणजे ठेकेदाराने बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीची, तारीख यांच्या प्रती मागा. तीस दिवसांत आल्या नाहीत तर पहिलं अपील. दोषदायित्व कालावधी संपायच्या आत लेखी तक्रार पोचली पाहिजे, म्हणून ही तारीख सगळ्यात आधी शोधा.

आता किनारा नियमनाकडे. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. ६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेत धोका रेषा आली. भरती, लाटा, समुद्राची वाढती पातळी आणि किनाऱ्यातले बदल लक्षात घेऊन समुद्र कुठवर पोचू शकतो ते सरकारनेच आखायचं ठरलं. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ही रेषा आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनापुरती ठेवली, बांधकामाची हद्द तिच्यावर ठरत नाही. त्याच अधिसूचनेत २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त वस्ती असलेल्या ग्रामीण भागांत बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरवर आला. खाडीकाठचं अंतर १०० मीटरवरून ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यांतलं जे कमी असेल ते झालं. पुळणीवर तात्पुरत्या पर्यटन सोयी भरतीरेषेपासून दहा मीटरवर चालतील असं ठरलं. विज्ञानाने पाणी पुढे येतंय असं सांगितलं आणि नियमाने घरं पाण्याकडे सरकवली. किनाऱ्यावरच्या कुठल्याही कुटुंबाला हे परवडणारं नाही.

म्हणून या नियमांखाली होणाऱ्या किनारा व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा स्वतः पाहा. तो १:२५,००० प्रमाणात असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. बांधकामबंदीचे ५० मीटर तिथे दोन मिलिमीटर होतात, आणि साध्या बॉलपेनच्या रेघेखाली एक आख्खं अंगण झाकलं जातं. गावपातळीचा, गट क्रमांक दाखवणारा नकाशा मागा. त्यावरची भरतीरेषा आणि तुमच्या वहीतली मर्यादवेलीची कड एकत्र ठेवून फरक मीटरमध्ये लिहा. आराखड्याची जनसुनावणी लागली की हरकत याच कागदासह द्या. भाषणापेक्षा तीन वर्षांचे आकडे इतिवृत्तात टिकतात.

नुकसानीचा अर्ज लिहिताना शब्द जपा. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, पूर आहे, दरड आहे, किनाऱ्याची धूप नाही. राज्याने स्वतःच्या यादीत ‘समुद्राचे उधाण’ घातलेलं आहे. ३ जून २०२० च्या निसर्गसारखं वादळ आलं तर पंचनामा वादळाचा होतो. एरवी एखाद्या रात्री भरतीने गोठा किंवा माड नेला तर अर्जात तारीख, भरतीची वेळ आणि ‘समुद्राचे उधाण’ हे शब्द हवेत. नुसतं ‘धूप होऊन गेलं’ लिहिलेला कागद परत येतो. तलाठ्याला दुसऱ्याच दिवशी कळवा, पंचनाम्यावर जवळच्या रेषेचा क्रमांक घालून घ्या आणि प्रत मागा. हळूहळू गेलेल्या जमिनीचा पंचनामा होत नाही. सातबाऱ्यावर ती पूर्ण क्षेत्रानिशी उभी असते आणि प्रत्यक्षात तिथे कंबरभर पाणी असतं. अशा गटाची भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. वर्षभर थांबावं लागलं तरी अर्जाची पोच जपून ठेवा.

दर मेची मोजणी झाली की ती ग्रामसभेसमोर वाचून ठरावात घ्या. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी संख्या पुरते. ठरावात मत नको, रेषा क्रमांक, दोन तारखा, मीटर आणि ब्रास एवढंच. त्याची प्रत तहसीलदार, पत्तन (बंदर) विभाग आणि सागरी मंडळ यांना पाठवून आवक क्रमांक घ्या.

फोटो ठरलेल्या जागेवरूनच काढा, चौकटीत काठी उभी दिसू द्या आणि मूळ फाइल ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतली तारीख-ठिकाणाची माहिती गळून जाते. वही शिसपेन्सिलीने लिहा, पेनाची शाई खाऱ्या ओलीत पसरते. मोजणीच्या दिवशीच पानांचे फोटो काढून एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक गावाबाहेर नोकरीला असलेल्या कोणाकडे तरी द्या. काठ्या पुढच्या वेळी वापरण्याआधी पुन्हा शेजारी धरून पाहा, पाइप उन्हात वाकतो.